उपदेश नसलेले समुपदेशन

मागच्या वर्षी श्रावणाच्या सुमारास माझ्या छातीत डाव्या बाजूला कोणीतरी मुठीत धरून आवळल्यासारखे होऊ लागले. पतसंस्थेत काउंटरवर बसलेलो असताना, उचगावच्या रस्त्याने गाडीवरून घरी येताना, आणि सर्वांत जास्त पहाटे तीनच्या सुमारास. बेळगावात ईसीजी झाला, इको झाला, पट्ट्यावर चालण्याची तपासणी झाली, आणि सगळे अहवाल चांगले आले. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून सांगितले, "हृदयाला काही नाही, पण तुम्हाला काही नाही असं मी म्हणणार नाही. एकदा समुपदेशकाकडे जाऊन या." वडील जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. डॉक्टरांनी विचारले म्हणून मी ते सांगितले, तोवर या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याचे मला सुचलेही नव्हते.

आज मी हे लिहीत आहे ते अशा वाचकासाठी, ज्याच्या हातात समुपदेशकाचा फोन नंबर आहे पण फोन करायला मन होत नाही. पद्धती अनेक आहेत. मी ज्यांच्याकडे गेलो त्या व्यक्तिकेंद्री पद्धतीने काम करतात, आणि या पद्धतीत पहिल्या काही आठवड्यांत काय होते हे मला आधी कोणी सांगितले असते, तर दुसऱ्याच भेटीनंतर सोडून देण्याचा विचार माझ्या मनात आला नसता.

मुख्य अडचण शब्दापासूनच सुरू होते. 'समुपदेशन' या शब्दाच्या पोटात 'उपदेश' आहे. त्यामुळे आपण तिथे जातो ते कोणीतरी शहाणा माणूस आपले ऐकून घेईल आणि मग काय करायचे ते सांगेल, या अपेक्षेने. उपदेशाची मला तोवर काही कमतरता नव्हती. मामा म्हणाले, कामात मन गुंतव. भजनी मंडळातले काका म्हणाले, नामस्मरण कर. थोरला भाऊ म्हणाला, इतका विचार करत बसू नकोस, आणि पतसंस्थेतल्या एका सहकाऱ्याने पहाटे चालायला जाण्याचा सल्ला दिला. सगळ्यांनी मनापासूनच सांगितले होते आणि त्यातले काहीच चूक नव्हते. पण प्रत्येक सल्ल्यानंतर मी थोडा अधिक एकटा होत होतो, कारण सल्ला मिळाला की बोलणे संपते.

व्यक्तिकेंद्री पद्धतीचा पाया कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने घातला. त्याचा जन्म १९०२ चा. तो बारा वर्षांचा असताना त्याचे कुटुंब शेतावर राहायला गेले, आणि विद्यापीठात त्याने पहिल्यांदा नाव घातले ते शेतकी शिक्षणासाठी; पुढे तो धर्मशास्त्राकडे आणि तिथून मानसशास्त्राकडे वळला. रॉचेस्टर शहरात त्याने सुमारे बारा वर्षे मुलांबरोबर काम केले. तिथला एक प्रसंग त्याने स्वतः लिहून ठेवला आहे. एका आईला तिच्या मुलाच्या वागण्याचे मूळ कारण समजावून सांगण्याचे त्याचे सगळे प्रयत्न फसले. शेवटी दोघांनी मिळून थांबायचे ठरवले. दारापर्यंत गेलेली ती बाई मागे वळली आणि इथे मोठ्या माणसांनाही समुपदेशन देता का, असे तिने विचारले. मग परत येऊन बसून ती आपल्या संसाराचे दुखणे स्वतःच्या रीतीने सांगू लागली, आणि काम खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाले. कुठे दुखते हे त्या माणसालाच ठाऊक असते, तेव्हा वाटही त्यालाच दाखवू द्यावी, ही रॉजर्सची दृष्टी अशा अनुभवांतून घडत गेली. १९५१ साली त्याने या पद्धतीवर सविस्तर पुस्तक लिहिले आणि समोरच्या माणसाला 'रुग्ण' न म्हणता 'क्लायंट' म्हटले. मराठीत या शब्दाला नेमका पर्याय मला सापडलेला नाही: अशील वकिलाचा असतो, गिऱ्हाईक दुकानाचे. रॉजर्सने स्वतःही पुढे 'व्यक्तिकेंद्री' हाच शब्द अधिक वापरला, आणि मलाही तोच बरा वाटतो.

फोनवर समुपदेशक बाईंनी मला एकच मोठा प्रश्न विचारला: तुम्हाला स्वतःला यायचं आहे, की कोणी पाठवतंय म्हणून येताय? मी म्हणालो, दोन्ही. त्या म्हणाल्या, चालेल. मग त्यांनी भेटीचा वेळ पन्नास मिनिटांचा असल्याचे, शुल्क किती ते, आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी यावे लागेल हे, आणि येणे जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवायचे, असे सगळे स्पष्ट सांगितले. आपणही त्याच वेळी त्यांचे शिक्षण कोणते आणि कुठले, हे विचारायला संकोच करू नये. आपल्याकडे 'समुपदेशक' अशी पाटी लावणाऱ्या प्रत्येकाचे प्रशिक्षण सारखे नसते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो आणि औषध तोच लिहून देऊ शकतो. या तिघांतला फरक आमच्या भागात सुशिक्षित घरांतही फारसा माहीत नाही.

ती खोली टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटापासून जवळ, पहिल्या मजल्यावर आहे. दोन खुर्च्या एकमेकींकडे थोड्या तिरप्या ठेवलेल्या, मध्ये टेबल नाही, आणि घड्याळ अशा ठिकाणी की दोघांनाही मान न वळवता दिसावे. पहिल्या दिवशी त्यांनी एका कागदावरचा मजकूर मला वाचून दाखवला आणि मग सहीसाठी दिला. इथे बोललेले इथेच राहील. अपवाद फक्त इतकेच, की माझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला, लहान मुलावर अत्याचार होत असल्याचे कळले, किंवा न्यायालयाने आदेश दिला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. पण कायद्यापेक्षा मला त्यांच्या पुढच्या वाक्याने अधिक धीर आला. त्या म्हणाल्या, "बेळगाव लहान आहे. गणपत गल्लीत, मारुती गल्लीत आपण समोरासमोर येऊ. मी तुम्हाला आधी ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर मी नमस्कार करीन, आणि सोबतच्या माणसाला आपली ओळख कशी हे सांगणार नाही." आमच्या गल्लीत अजूनही चिडवण्यासाठी 'याला धारवाडला पाठवा' असे म्हणतात, कारण मानसिक आजारांचे मोठे जुने इस्पितळ तिथे आहे. त्या गल्लीतून आलेल्या माणसाला हे वाक्य किती मोठे वाटले असेल, ते तिथल्या माणसालाच कळेल.

कागद संपल्यावर त्या म्हणाल्या, "आता हा वेळ तुमचा. कुठूनही सुरुवात करा." आणि त्या गप्प बसल्या.

या शांततेची तयारी ठेवावी. आपल्या घरांत दोन माणसे एकमेकांसमोर बसून गप्प असतात ती दुखवट्यात नाही तर भांडणानंतर, त्यामुळे या गप्प बसण्याचा आपण आपोआप वाईट अर्थ लावतो. मी घड्याळाकडे पाहिले तेव्हा दोन मिनिटे झाली होती. मला ती वीस वाटली. मला वाटले, त्या माझी परीक्षा घेत आहेत किंवा मी काहीतरी चुकलो आहे. बाहेर फाटक पडले, गाडी गेली, आणि गाडी गेल्यानंतरच्या शांततेत माझ्या तोंडून जे पहिले वाक्य निघाले ते छातीबद्दल नव्हते. "आप्पांना मी भरवत होतो," असे मी म्हणालो. वडिलांना अर्धांगवायू होऊन ते दोन वर्षे अंथरुणावर होते. त्या काळातले मी काय सांगणार आहे, हे मी घरून ठरवून आलो नव्हतो. बाईंनी एखादा ठरावीक प्रश्न विचारला असता, तर मी त्याचे व्यवस्थित उत्तर देऊन बाहेर पडलो असतो.

मग त्या बोलल्या. पण त्यांच्या बोलण्यात बहुतेक वेळा माझेच म्हणणे असे, थोडे पुढे सरकवलेले. याचा एक नमुना देतो, कारण वर्णनाने हे समजत नाही. वडिलांचे दिवसकार्य, पाहुणे, जमिनीच्या उताऱ्यावरची नावे, दवाखान्याची राहिलेली बिले, सगळे मीच कसे पाहिले हे मी सांगत होतो. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही सगळ्यांकडे बघत होतात, आणि तुमच्याकडे कोणी बघितलं नाही, असं काहीसं?" मी म्हणालो, "नाही, तसं नाही. बघायला आले होते. मीच बघू दिलं नाही." त्यांनी मान हलवली आणि माझाच शब्द हळू परत म्हटला, "बघू दिलं नाही." त्यांचा अंदाज चुकला होता आणि त्या चुकीतूनच मला नेमके वाक्य मिळाले. पुढे मला कळले की रॉजर्सच्या पद्धतीत समुपदेशकाचे हे बोलणे म्हणजे एक प्रकारची पडताळणी असते: मला समजले ते तुमच्या मनातल्याशी जुळते का, हे विचारणे. जुळत नसेल तर तसे सांगावे. भिडेपोटी 'हो हो' म्हणू नये. आपल्याला मोठ्या माणसासमोर 'हो' म्हणायची सवय असते, ती तिथे उपयोगाची नाही.

भाषेची गोष्टही इथेच सांगायला हवी. बाईंची मातृभाषा कन्नड आहे. त्या मराठी उत्तम बोलतात, तरी माझ्या मनात सुरुवातीला शंका होती, आणि सीमाभागात वाढलेल्या माणसाच्या मनात ती का असते हे येथील वाचकाला वेगळे सांगायला नको. तिसऱ्या भेटीत त्यांनी विचारले, "रात्री जाग येते तेव्हा संकट होतं का?" मी म्हणालो, संकट कसले, घरात सगळे ठीक आहे. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "थांबा, मी कन्नडमधला शब्द वापरला. आमच्याकडे 'संकट' म्हणजे आत होणारी तगमग." मराठीतले संकट बाहेरून येते, कन्नडमधले आत होते. मी कितीतरी वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिलो. माझ्या छातीत जे होत होते त्याला मला नावच नव्हते, आणि ते मला शेजारच्या भाषेने दिले. तरीही माझे मत असे आहे की ज्या भाषेत आपण घरी भांडतो आणि लाड करतो, त्या भाषेत बोलता येईल असाच समुपदेशक शोधावा, आणि तशी मागणी पहिल्याच फोनवर निःसंकोच करावी. मी काही दिवस पुस्तकी मराठीत बोलत होतो. ज्या दिवशी 'काय की' आणि 'करालोय' तोंडात आले, त्या दिवशी डोळ्यांत पाणीही आले.

पहिल्या भेटीच्या शेवटी मी विचारले होते, "मग मी आता काय करू?" त्यावर त्या म्हणाल्या, "कुणीतरी नेमकं सांगावं म्हणून तुम्ही आलात, आणि मी सांगत नाही. राग येत असेल." मला राग आला होताच. पैसे मोजून येऊन आपलेच बोलणे ऐकायचे, असे मला वाटले. त्या पुढे म्हणाल्या, "माझ्याकडे उत्तर आहे आणि मी ते लपवतेय, असं नाही. तुमच्या घराचं उत्तर माझ्याकडे खरोखरच नाही." घरी पोचल्यावर बायकोने विचारले, "काय सांगितलं बाईंनी?" मी म्हणालो, "काही नाही." तिच्या चेहऱ्यावर काळजी दिसली, आणि ती योग्यच होती. घरच्या माणसांना हे आधी समजावून सांगितले असते तर बरे झाले असते. बाहेर येऊन सांगण्यासारखे आपल्याजवळ काही नसते, आणि प्रत्येक वेळी अहवाल द्यावा लागला तर पुढच्या वेळी आपण तिथे अहवालात बसेल तेवढेच बोलू लागतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीनंतर मला आधीपेक्षा वाईट वाटले. झोप आणखी बिघडली. हे अनेकांचे होते. झाकलेले उघडल्यावर काही दिवस ते ठणकते. अशा वेळी न सांगता जाणे बंद करू नये, तर पुढच्या भेटीत 'मला इथे येऊन त्रास होतो आहे' हेच सांगावे. मी ते सांगितले तेव्हा बाईंनी स्वतःचे समर्थन केले नाही. संपूर्ण भेट त्या त्रासावरच गेली.

१९५७ साली रॉजर्सने एका लेखात माणूस बदलण्यासाठी नात्यात काय असावे लागते ते मांडले. त्यातल्या तीन गोष्टी समुपदेशकाच्या बाजूच्या आहेत: त्याने आत एक आणि बाहेर एक असे न राहणे, समोरच्याला अट न घालता स्वीकारणे, आणि त्याच्या जागी उभे राहून समजून घेणे. वाचताना हे सुविचारांसारखे वाटते. त्या खोलीत मात्र त्याचा अनुभव फार वेगळा येतो, निदान मला आला.

पाचव्या भेटीत मी जे सांगितले ते तोवर कोणालाही सांगितले नव्हते. आप्पा गेले त्या पहाटे, त्यांचा श्वास थांबला हे कळल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आले ते 'सुटलो'. ते सुटले असे नव्हे. मी सुटलो. हे सांगून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले, कारण त्यावर काय उमटते हे मला बघायचे होते. धक्का नव्हता. 'असं सगळ्यांनाच वाटतं' असे म्हणून त्यांनी ते पुसूनही टाकले नाही. तसे म्हटले असते तर माझे म्हणणे माझे राहिले नसते. त्या एवढेच म्हणाल्या, "सुटलो असं वाटलं. आणि तेच आजवर सगळ्यात जड झालंय." त्यानंतर मी बराच वेळ बोलू शकलो नाही. त्याच भेटीत, मी सुईने खरचटलेल्या आप्पांच्या हाताबद्दल हसत हसत काहीतरी सांगत असताना त्या म्हणाल्या, "तुम्ही हसताय, पण ऐकताना माझ्या पोटात कालवलं." त्यांनी स्वतःबद्दल असे क्वचितच सांगितले आहे, पण त्या दिवशी मला कळले की समोर एक माणूस बसलेला आहे.

रॉजर्सने बटाट्यांची एक आठवण लिहिली आहे. लहानपणी त्याच्या घरी हिवाळ्याची बेगमी म्हणून बटाटे तळघरात ठेवत, आणि वर असलेल्या लहानशा खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे त्या बटाट्यांचे पांढरे, अशक्त कोंभ दोन-तीन फूट वाढत जात. परिस्थिती कितीही वाईट असली तरी जीव वाढीकडेच ओढ घेतो, हा त्याचा विश्वास होता आणि त्याची सगळी पद्धत त्यावर उभी आहे. आमचा तालुक्याचा पश्चिम भाग बटाट्या-रताळ्यांचाच. माळ्यावर राहून गेलेल्या पोत्यातून कौलाच्या फटीकडे निघालेले तसेच कोंभ मी दरवर्षी पाहिले आहेत, आणि दरवर्षी मोडून टाकले आहेत, कारण कोंभ आला की बटाटा सुरकुततो. त्या कोंभाकडे दुसऱ्या बाजूने पाहता येते हे मला त्याच्यामुळे कळले.

मात्र या पद्धतीची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. रॉजर्सचे म्हणणे असे होते की ते वर सांगितलेले नाते आवश्यक तर आहेच, शिवाय ते पुरेसेही आहे. नात्याचे महत्त्व पुढच्या संशोधनातही पुन्हा पुन्हा दिसून आले, पण 'पुरेसे' या शब्दाबद्दल मानसशास्त्रात आजही वाद आहे. ज्याला भीतीचे झटके येतात किंवा एकच कृती पुन्हा पुन्हा करावीशी वाटते, त्याला गृहपाठ देणारी, सराव करून घेणारी पद्धत अधिक उपयोगी पडू शकते. भास होत असतील, दिवसेंदिवस अन्नपाणी आणि झोप तुटली असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे आधी जावे. धारवाडची संस्था त्यासाठीच आहे, आणि जिल्हा रुग्णालयातही ही सोय असते. रात्री-अपरात्री 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, आणि तिथे कन्नडप्रमाणे मराठीही चालते. मला स्वतःला बाईंनी दुसऱ्याच भेटीत जीव देण्याच्या विचारांबद्दल सरळ विचारले होते. एरवी दिशा न देणारी बाई इथे मात्र थेट विचारते, हे मला तेव्हा फार बरे वाटले.

छातीतले आवळणे एका दिवसात गेले नाही. दिवाळीनंतर कधीतरी लक्षात आले की आठवडाभर ते झालेले नाही, आणि मग पुन्हा एकदा झाले, वाटणीचा विषय निघाला त्या रात्री. फरक पडला तो आधी दुसऱ्याच ठिकाणी. भावाशी बोलताना मी वाक्य अर्धे ठेवून उठून जात असे, ते थांबले. एकदा तो म्हणाला, "तू आप्पांचं सगळं केलंस, मी काहीच केलं नाही, असं तुला म्हणायचंय." मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि त्याऐवजी विचारले, "तुला तसं वाटतं, दादा?" दादा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसला आणि दोन वर्षे तो खोलीत यायला का घाबरत होता, ते त्याने सांगितले. कितीतरी दिवसांनी आम्ही इतका वेळ एका जागी बसलो होतो. हे तंत्र म्हणून मी वापरले नव्हते. माझ्याकडून कोणीतरी इतके दिवस असे ऐकून घेतले होते, ते तोंडात आले.

वाटणी अजून झालेली नाही. बाईंकडे आता मी पंधरा दिवसांतून एकदा जातो. भेटी कमी करण्याचा विषयही त्यांनी ठरवला नाही. 'तुम्हाला काय वाटतं?' असे विचारून त्या थांबल्या, आणि या वेळी ती शांतता मला जड गेली नाही. पुढचा बुधवार मात्र भाताच्या लावणीत येतो आहे. दादा आणि मी दोघेही चिखलात असू, म्हणून मी आदल्या दिवशी फोन करून त्यानंतरचा बुधवार मागून घेणार आहे.